वर्ग : इतर

एश्तोरिलच्या कॅसिनोसमोरच्या हिरवळीवर
आज मोठ्याने कुणी बोलत नाही.
पांढऱ्या हातमोज्यांची माणसं
आजारी राजाची विचारपूस करावी तशी
एकेका बॉनेटपाशी वाकतात,
आणि काहीतरी टिपून घेतात.

माझी गाडी म्हणजे तारलीचा डबा.
खटाऱ्याला म्हणतात तसा नव्हे. खरोखरचा.
सेतुबालच्या कारखान्याने छप्पन साली
जत्रांतून मिरवायला करवून घेतलेला :
छोट्या ट्रकच्या सांगाड्यावर पत्र्याची लांबट डबी,
झाकण अर्ध्यावर गुंडाळलेलं,
गुंडाळीत खोचलेली हातभर किल्ली,
आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे
एकमेकींना खेटून निजलेल्या सहा लाकडी तारल्या.
आता पाच. एक कुणाच्या तरी शेकोटीत गेली असावी.

बाबा चालवायचे ती. बेल्मीरू पत्रेवाला.
कंपनी डब्यात गेली
तेव्हा थकलेल्या पगारापोटी त्यांना हा डबा मिळाला.
दारात उभी राहून आई म्हणाली,
तळू की कालवण करू?
मग तीस वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या.

मी दातांच्या कवळ्या बनवते.
बारीक डाग द्यायला हात बसलेला आहे.
अकरा वर्षं, रविवार सोडून नाही,
रविवारीच.

डावीकडची निळी गाडी बोटीने आली म्हणे,
तिला स्वतःची चादर आहे, आतून लोकरीची.
उजवीकडच्या जर्मन गृहस्थांनी
अगदी अदबीने विचारलं,
बाई, शेगडी कधी पेटवणार?

परीक्षक तिघे. त्यातल्या उंच बाईंनी
फॉर्म उलटसुलट केला.
यात मूळचं किती, नवं किती?
मी म्हटलं, वास मूळचा आहे.
त्या हसल्या. पण बारा वाजता ऊन चढलं
आणि पत्र्याच्या सांध्यांतून तो हळूच बाहेर आला,
तेल, खारं पाणी, आणि त्याच्याखालचं काहीतरी.
हिरवळीवर पहिलं मांजर आलं.
मग एक करडं, कान फाटलेलं.
निळ्या गाडीच्या मालकाने चादर छातीशी धरली.

दिवे लागतात? लागतात.
वायपर? एकच होता, तो फिरतो.
हॉर्न?

हॉर्नचं मी कुठेच लिहिलं नव्हतं.
शेवटच्या आठवड्यात बाबा छपरावर चढले होते
आणि कारखान्याचा भोंगा उतरवून
त्यांनी याच्या नाकाडात बसवला होता.
आमच्या गावात दर कारखान्याचा गळा वेगळा.
बोटी लागल्या की तो ओरडायचा,
रात्री दोनला, प्रार्थनेत, कुणाच्या बारशात,
आणि बायका झोपेतही ओळखायच्या
हा आपला, हा नाही.

मी बटण दाबलं.

तंबूतले ग्लास किणकिणले. मांजरं पांगली.
दूर कुठेतरी व्हायोलिन वाजत होतं, ते थांबलं.

(निकाल संध्याकाळी लागला.
'इतर' वर्गात आम्ही तिसरे.
गाड्याही तीनच होत्या. पण ते नंतरचं.)

पार्किंगवरच्या पोराने
घरी एकटी नको म्हणून आणलेली त्याची आजी,
दोरीपलीकडे, घडीच्या खुर्चीत,
सकाळपासून डुलक्या घेत होती.
ती उठली.
काठी खुर्चीलाच राहिली.
दोन्ही हात कंबरेमागे नेऊन
तिने गाठ मारली,
नसलेल्या एप्रनला, घट्ट, दुहेरी.
पोरगा धावला, आजी, एर्मेलिंदा आजी,
तिने त्याला कोपराने बाजूला सारलं
आणि दोरीखालून वाकून आत आली.

कुणी अडवलं नाही.
उंच बाईंनी पेन खाली केलं.

माझ्यासमोर येऊन म्हातारीने विचारलं,
किती बोटी?
मी म्हटलं, दोन.
भरलेल्या?
भरलेल्या, म्हटलं मी,
आणि तिला वाट दिली.